पहिला नकार

बालाघाट जिल्ह्यातील रामपायली हे चंदन नदीकाठचे गाव. येथील लोकांना धानाची शेती ठाऊक आहे, जिल्ह्यातील मँगेनीजच्या व तांब्याच्या खाणी ठाऊक आहेत. परंतु रसायनशास्त्रात डॉक्टर होणे म्हणजे काय, हे फार थोड्या घरांना ठाऊक असते. एम्.एस्सी. झालेली मुलगी पीएच्.डी.च्या अर्जाची गोष्ट काढते, तेव्हा वडील विचारतात, “अगं, अजून किती वर्षे? आणि पैसा कोठून आणायचा?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी एक खरी हकीकत सांगतो.

कमला भागवत यांचा जन्म 1911 साली इंदूरला झाला. वडील व चुलते दोघेही रसायनशास्त्रज्ञ. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर व्यंकट रामन. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी अर्ज नाकारला.

कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. बंगलोरला जाऊन त्यांनी नकाराचे कारण विचारले. अखेर एक वर्ष परीक्षार्थी म्हणून राहण्याच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. अट अपमानाची होती, पण त्यांनी ती पत्करली. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मत पालटले व त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले.

पुढे त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना त्यांना असे आढळले की, पेशींच्या श्वसनात भाग घेणारे ‘सायटोक्रोम सी’ हे द्रव्य वनस्पतींतही असते. 1939 साली त्यांना पीएच्.डी. मिळाली. प्रबंध अवघा चाळीस पृष्ठांचा होता! विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेलेल्या या विदुषीने स्वदेशी परतून नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले व गरिबांच्या आहाराचा विचार केला.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे वळू. आजच्या नियमांप्रमाणे पीएच्.डी.ला किमान तीन व साधारणतः कमाल सहा वर्षे लागतात. पदव्युत्तर परीक्षेत 55 टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमाती व अन्य मागासवर्गीयांना पाच टक्क्यांची सवलत आहे. रसायनशास्त्राची ‘नेट’ परीक्षा वर्षातून दोनदा होते. तीत कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये व घरभाडेभत्ता मिळतो. म्हणजे मुलगी घरावर भार होत नाही. परंतु ही शिष्यवृत्ती सर्वांना मिळत नाही. म्हणून अर्ज करण्यापूर्वीच संस्थेत दुसरी सोय कोणती, हे विचारून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. केवळ संस्थेचे नाव पाहून अर्ज करू नये. ज्यांच्या हाताखाली काम करायचे, त्या मार्गदर्शकांचे निबंध आधी वाचावेत. आपण काय शिकलो व पुढे काय शोधू इच्छितो, हे साध्या शब्दांत लिहावे. बडेजाव मिरवू नये.

आणि नकार आला, तर तो शेवटचा शब्द समजू नये. कमलाबाईंच्या पाठीशी त्यांचे घर होते. बाहेरचे नकार मुलगी सोसू शकते. पहिला नकार तेवढा आईबापांनी देऊ नये.