लोणावळ्याला बदली झाली, आता कथकचं काय?

जून उजाडला की मावळात नवी बिऱ्हाडं येतात. कुणाची बदली लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीवर झालेली असते, कुणाला तळेगावच्या एमआयडीसीत नोकरी लागलेली असते, कुणी पुण्याच्या घरभाड्याला कंटाळून वडगाव-कामशेतकडे सरकलेलं असतं. शाळेचा दाखला, गॅस, दूधवाला ही कामं बघता बघता मार्गी लागतात. घरातली तेरा-चौदा वर्षांची मुलगी लहानपणापासून नाच शिकत आली असेल, तर तिचा प्रश्न मात्र मागे पडतो आणि मग शेजारपाजारच्या सल्ल्यावर घाईघाईनं उरकला जातो. सल्ले मनापासून दिलेले असतात. पण त्यांतले बरेचसे चुकीचे असतात आणि त्याची किंमत ती मुलगी मोजते.

सगळ्यात आधी कानावर येतं ते हे: ‘इथं काही नाही, पुण्यालाच जावं लागेल.’ पुणे–लोणावळा लोहमार्ग 64 किलोमीटरचा आहे आणि लोकलला एका वेळेला साधारण सव्वा ते दीड तास लागतो. आठवड्यातून तीनदा जायचं म्हटलं तर नुसत्या गाडीत आठ-नऊ तास जातात. स्टेशनापासून वर्गापर्यंतची रिक्षा वेगळी. दुपारच्या गाड्या विरळ, त्यामुळे शाळा सुटल्यावर निघालेली मुलगी घरी येईपर्यंत रात्र होते. यात बळी जातो तो रियाजाचा. नाच वर्गात कळतो, पण अंगात मुरतो तो घरी रोज केलेल्या तासाभरानं. आठवड्याला एकदा चांगल्या गुरूकडे जाऊन रोज घरी पाय मारणारी मुलगी रोज लोकलमध्ये पेंगणाऱ्या मुलीच्या पुढे जाते.

शिवाय लोकल थेट पुण्यालाच थांबत नाही. तळेगाव निम्म्या वाटेवर आहे. कलापिनीसारख्या संस्थेनं तिथं नाटक आणि इतर कलांचं वातावरण वर्षानुवर्षं जपलं आहे. त्यापुढे आकुर्डी, चिंचवड, पिंपरी. लोणावळ्यातून शोध सुरू करताना आधी याच स्टेशनांवर उतरावं. मात्र ‘जवळ आहे ना, मग सोसायटीतलाच लावा’ हेही खरं नाही. गॅदरिंगसाठी दोन गाणी बसवून देणं आणि नाच शिकवणं ही वेगवेगळी कामं आहेत. पहिलं काम हलकं नाही, पण दुसऱ्याची भूक असलेल्या मुलीचं त्यावर भागत नाही.

मग वर्ग ओळखायचा कसा? पालक आधी आरसे बघतात, एसी बघतात, भिंतीवरच्या ट्रॉफ्या मोजतात. बघायची ती जमीन. सिमेंटच्या कोब्यावर बसवलेली टाइल दिसायला गुळगुळीत असते, पण ती जराही दबत नाही. कथकच्या ततकारात किंवा भरतनाट्यमच्या अडवूंत पाय शेकडो वेळा आपटतो आणि प्रत्येक दणका घोट्यातून, नडगीतून गुडघ्यात जातो. खाली पोकळी ठेवून बसवलेली लाकडी जमीन यातला बराच मार शोषून घेते. आपल्याकडे बहुतेक वर्ग हॉलच्या फरशीवरच भरतात, म्हणून फरशी दिसली की वर्ग बाद असं नाही. पण मग शिकवणारी व्यक्ती सुरुवातीला अंग किती तापवून घेते, सलग किती वेळ पाय आपटायला लावते, दुखतंय म्हटल्यावर काय करते, हे विचारायलाच हवं. मावळच्या पावसाळ्यात तर ओल धरलेल्या फरशीवरून पाय सटकण्याचीही धास्ती असते.

या वयात हे जास्त महत्त्वाचं आहे. मुली साधारण अकरा ते तेराव्या वर्षी आणि मुलगे तेरा ते पंधराव्या वर्षी झपाट्यानं उंच होतात. हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात, त्यामुळे काल जमणारं आज जमेनासं होतं. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखू लागतं. डॉक्टर त्याला ऑसगूड-श्लॅटर म्हणतात. त्यावर आधी कष्ट कमी करावे लागतात, ‘सहन कर’ म्हणून चालत नाही. वजन घटवण्याच्या नादात मुलीची पाळी काही महिने थांबली, तर ती मेहनतीची खूण समजू नये; लगेच डॉक्टरांकडे जावं.

जमिनीनंतर बघायची ती रोजची शिकवणी. एखादा वर्ग पूर्ण वेळ बसून बघू द्या, अशी विनंती करावी. समजा तीनतालाचा ततकार चालू आहे. सोळा मात्रा, टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्यावर. बरोबरीची लय ठीक जाते, दुगुन ठीक जाते, चौगुनीला मागच्या रांगेतल्या मुलीचे पाय पळू लागतात आणि ती समेच्या, म्हणजे पहिल्या मात्रेच्या, आधीच पोचते. चांगली बाई अशा वेळी तबला थांबवतात. तिला पायांवरून काढून हातावर आणतात: टाळी देत बोल म्हण. पढंत करताना चूक कुठे होते ते तिला स्वतःलाच ऐकू येतं, ती खालीची जागा घाईनं ओलांडत असते. तेवढाच तुकडा दोन-चारदा, सावकाश, आणि पुन्हा पाय. ज्या वर्गात असं कुणी थांबत नाही, पुढच्या रांगेतल्या चौघींकडे बघून बाकीच्या मोबाइलच्या स्पीकरवर पाय उचलत राहतात, तिथं कार्यक्रम कितीही झकास होवो, शिकणं होत नाही.

‘परीक्षा घेतात ना, म्हणजे वर्ग चांगला’ हा समज फार पसरलेला आहे. या परीक्षा घेणारं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ 1931 सालचं. त्यामागे विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला काढलेल्या गांधर्व महाविद्यालयाची पुण्याई. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा, नंतर अलंकार. बदली होणाऱ्या घरांना याचा मोठा फायदा आहे: परीक्षा देशभर होतात, त्यामुळे जबलपूरला मध्यमा प्रथम झालेली मुलगी तळेगावला मध्यमा पूर्णला बसू शकते. पण परीक्षा म्हणजे ठरलेल्या अभ्यासक्रमाची तपासणी. त्याच चार रचना वर्षभर घोटून पास होणारी मुलं असतात. वर्गाला विचारावं: परीक्षेबाहेरचं काय शिकवता?

आता ज्याची सगळ्यांना भीती वाटते ते. ‘गुरू बदलला की पहिल्यापासून सुरुवात, आधीची वर्षं वाया.’ पुण्याच्या कथक गुरू रोहिणी भाटे यांचं उदाहरण पाहावं. जन्म 1924 चा. आधी भरतनाट्यम शिकल्या ते मुंबईच्या पार्वतीकुमारांकडे. कथककडे वळल्या 1946 साली, जयपूर घराण्याच्या सोहनलाल यांच्याकडे. 1947 साली त्यांनी पुण्यात नृत्यभारती काढली आणि संस्था चालवत असतानाच लखनौ घराण्याच्या लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे वर्षानुवर्षं शिकत राहिल्या. शैली बदलली, घराणं बदललं, शिकवणं आणि शिकणं सोबत चाललं. पुण्यातलं आजचं कथक बरंचसं त्या घरातून निघालं. नव्या गुरूनं हस्तक, म्हणजे हातांची ठेवण, सुधारायला लावले, महिनाभर साधा ततकार करवला, तर तो अपमान नाही. सरसकट ‘आधीचं सगळं विसर’ असा हुकूम आला तर मात्र पालकांनी कारण विचारावं. जुन्या गुरूंकडून काय-काय झालं आहे त्याची यादी लिहून आणली, तर नव्या गुरूला अंदाज येतो.

चेन्नई-कोचीहून येणाऱ्या नौदलाच्या घरांत वेगळीच काळजी असते: महाराष्ट्रात भरतनाट्यम कुठलं मिळायला? पण भरतनाट्यमच्या मैफलीचा आजचा क्रम बसवणारे चार भाऊ, तंजावर चतुष्टय, सरफोजी दुसरे या मराठी राजाच्याच दरबारातले, आणि सरफोजींच्या नृत्यरचना मराठीत आहेत. पार्वतीकुमारांनी त्या रंगमंचावर आणल्या. त्यांच्याच शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी पुण्यात हिंदुस्थानी संगीतावर भरतनाट्यम उभं केलं. एवढा वारसा असलेल्या जिल्ह्यात गुरू मिळतो; बानी, म्हणजे शिकवण्याची परंपरा, वेगळी असेल, अडवूंची नावं वेगळी असतील, त्याला थोडा वेळ द्यावा लागेल इतकंच.

‘नाच मुलींचा’ यावर फार शब्द खर्चायला नकोत. वर आलेली गुरूंची नावं पुन्हा वाचली तरी पुरे.

‘गुरूला प्रश्न विचारायचे नसतात’ हा समज मात्र धोक्याचा आहे. शिकवताना हात-खांद्याला स्पर्श होतो. तो कसा, कुणासमोर, विचारून की न विचारता, हे ठरलेलं असावं. दार उघडं असावं, एकट्या मुलाला उशिरापर्यंत थांबवू नये, दौऱ्यावर जाताना सोबत कोण हे आधी कळावं. अठरा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामुलीला 2012 च्या पॉक्सो कायद्याचं संरक्षण आहे. या प्रश्नांवर चिडणारा वर्ग कितीही नावाजलेला असो, तिथं मूल पाठवू नये.

उरली दहावी. ‘आता वर्षभर बंद’ असं घरोघरी ठरतं. पण शास्त्रीय नृत्याच्या मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना राज्य मंडळ दहावीत वाढीव गुण देतं; प्रस्ताव शाळेमार्फत जातो, म्हणून प्रमाणपत्रं शाळेत वेळेत द्यावीत. केंद्रीय विद्यालयात, म्हणजे सीबीएसईत, ही सवलत नाही. दिल्लीच्या सीसीआरटी या सरकारी सांस्कृतिक संस्थेची शिष्यवृत्ती कुठल्याही मान्यताप्राप्त शाळेतल्या मुलांना खुली आहे, पण अर्जाचं वय दहा ते चौदा. तेरा वर्षांच्या मुलीनं थांबून चालत नाही. आणि बारावीनंतर हेच शिकायचं ठरलं, तर पुणे विद्यापीठाचं 1987 साली सुरू झालेलं ललित कला केंद्र नृत्याची पदवी देतं. तोवर तालमीत खंड पडलेला नसला, की प्रवेशाची तयारी वेगळी करावी लागत नाही.