खोगीरभरती

‘खोगीरभरती’ हा शब्द आपण चांगल्या अर्थाने कधी वापरत नाही. समितीवर उगाच नेमलेली माणसं म्हणजे खोगीरभरती, आणि पानं भरायला घातलेला मजकूर म्हणजेही खोगीरभरतीच. पण दिवसभर घोड्यावर बसून मजल मारणाऱ्या स्वाराला विचारलं असतं, तर त्याने वेगळं सांगितलं असतं. खोगिराच्या पोटात जे भरलेलं असतं त्यावर घोड्याची पाठ टिकते आणि स्वाराची बैठकही. मला हे पटवलं एका पस्तिशीच्या मोटारीने.

मी इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ राहतो. माझ्याकडे युनोस रोडस्टर आहे, हिरव्या रंगाची, टप उघडणारी, दोन माणसांची. जगात इतरत्र ती माझदा एमएक्स-५ किंवा मियाटा म्हणून ओळखली जाते. जपानमध्ये माझदाने ती ‘युनोस’ या वेगळ्या नावाखाली विकली. तिथली जुन्या गाड्यांची तपासणी कडक आणि खर्चिक, आणि ब्रिटनसारखंच तिथेही स्टीअरिंग उजवीकडे. त्यामुळे अशा कितीतरी युनोस जहाजात बसून इकडे आल्या. माझी त्यांतलीच एक.

ही गाडी फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली. साठच्या दशकातल्या इंग्लिश आणि इटालियन उघड्या गाड्यांची मजा द्यायची, पण त्यांच्यासारखं दर रविवारी बॉनेट उघडायला लावायचं नाही, असा तिचा बेत होता. पहिलं इंजिन १६०० सीसीचं. जपानी गाडीचं वजन जेमतेम ९४० किलो. २००० साली सर्वाधिक खपाची दोन आसनी स्पोर्ट्‌स कार म्हणून गिनेसने तिची नोंद घेतली आणि एप्रिल २०१६ मध्ये हिरोशिमाच्या कारखान्यातून दहा लाखावी गाडी बाहेर पडली. ती घडवणाऱ्यांनी एक जपानी शब्द समोर ठेवला होता, ‘जिन्बा इत्ताई’, म्हणजे घोडा आणि स्वार एकजीव. घोडा आणि स्वार यांच्यामध्ये असतं खोगीर. गाडीत ते काम सीट करते.

१९९० साली जपानमध्ये ‘व्ही-स्पेशल’ नावाची आवृत्ती निघाली. गडद हिरवा रंग, नार्दी कंपनीचं लाकडी स्टीअरिंग आणि आत तांबूस-पिवळ्या चामड्याच्या सीटा. माझी गाडी त्याच आवृत्तीतली. मी घेतली तेव्हा लाकूड उत्तम होतं, रंग बरा होता आणि चालकाच्या सीटची उजवी कड कुत्र्याने चावल्यासारखी दिसत होती.

उजवीच कड का?

स्टीअरिंग उजवीकडे असलेल्या कुठल्याही जुन्या, ठेंगण्या गाडीत पाहा, चालकाच्या सीटची उजवी कड आधी जाते. मांडीला आणि बरगड्यांना आधार देणाऱ्या या फुगीर कडेला बोल्स्टर म्हणतात. अशा गाडीत आपण बसत नाही, पडतो. उतरताना सगळं वजन एका कुल्ल्यावर येतं आणि आपण त्या कडेवरून घसरत बाहेर निघतो. जीन्सची जाड शिवण आणि खिशाचे तांब्याचे रिव्हेट दर वेळी तिथेच घासतात. दिवसाला चार वेळा धरलं तरी तीस वर्षांत चाळीस हजारांहून जास्त घासण्या होतात.

टप उघडा असला की ऊन थेट सीटवर येतं. अतिनील किरणांनी वरचा रंगाचा थर कडक होतो आणि धाग्याचा जीव जातो. त्यावर बसलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. पुष्कळदा चामडं शाबूत असतं आणि शिवणच उसवलेली असते.

म्हणून आधी निदान करावं. नुसता रंग गेला असेल, बारीक रेघा असतील, पण खालचा तंतू घट्ट असेल, तर साफ करून, भेगा भरून, रंग देऊन काम भागतं. तंतू फाटला असेल, बोटाने दाबल्यावर भेग रुंदावत असेल किंवा कातडं पुठ्ठ्यासारखं कडक झालं असेल, तर रंगावर पैसे घालवू नयेत. माझ्या सीटला दोन वर्षांपूर्वी मी रंग देऊन पाहिला होता. तो पहिल्या उन्हाळ्यातच माझ्या पॅंटला लागला.

कमावलेलं कातडं

कातडं कमावायचं म्हणजे ते सडू नये आणि लवचीक राहावं अशी त्यावर प्रक्रिया करायची. कोल्हापुरी चपलेचं कातडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते दणकट, ताठ आणि वापरागणिक पायाच्या आकाराचं होणारं, पण त्याला वेळ लागतो. गाडीच्या सीटचं बहुतेक चामडं क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. १८८४ साली न्यूयॉर्कमध्ये ऑगस्टस शुल्ट्झने पेटंट घेतलं आणि त्यानंतर ही पद्धत कारखान्यांत रुजली. तिला आठवडे लागत नाहीत, एक-दोन दिवसांत मुख्य काम होतं. हे चामडं मऊ असतं, उष्णता जास्त सोसतं आणि वळणावर बसतं. जाडी साधारण १ ते १.२ मिलिमीटर. त्यावर रंगाचा आणि त्याहीवर पारदर्शक थर असतो.

म्हणूनच घरचं खोबरेल लावून सीट ‘पोसायचा’ प्रयत्न करू नये. तेल वरच्या थरातून नीट आत जात नाही, वरच राहतं आणि धूळ धरतं. ओलसर मऊ फडकं, चामड्यासाठीचा सौम्य साबण आणि सावली, एवढंच त्याला लागतं.

एका गाईच्या पूर्ण कातड्यातून साधारण ४५ ते ५५ चौरस फूट चामडं मिळतं, पण ते सगळीकडे सारखं नसतं. पाठीच्या कण्यालगतचा भाग घट्ट, पोटाचा भाग सैल आणि ताणला जाणारा. बसायची जागा पोटाच्या भागातून कापली, तर वर्षभरात सीटवर झोळ पडतो. शिवाय कातड्यावर डासांचे चावे, काट्यांचे ओरखडे असतात, ते चुकवून कापावं लागतं. म्हणून दोन छोट्या सीटांनाही दोन पूर्ण कातडी हाताशी असलेली बरी. ‘लेदर सीट’ म्हणून विकलेल्या कित्येक गाड्यांत कारखान्यानेच बसायच्या भागाला चामडं आणि बाजूंना, पाठीला रेक्झीन लावलेलं असतं. आपणही तसं केलं तर त्यात लबाडी नाही.

मामांचा फोन

माझे मामा कोल्हापुरात चाळीस वर्षं कुशनकाम करत आले. रिक्षा, जीप, टेम्पो, क्वचित एखाद्या जुन्या शौकिनाची मोटार. व्हिडिओ कॉलवर त्यांना सीट दाखवली. त्यांनी फाटलेल्या कडेकडे बघितलंही नाही.

“पालथी घाल,” म्हणाले.

सीट अजून गाडीतच होती. मी ती काढली. चौदाच्या सॉकेटने निघणारे चार बोल्ट, दोन पुढे, दोन मागे. खाली जोडलेल्या वायरी आधी सोडवाव्या लागतात. (नंतरच्या काळातल्या ज्या गाड्यांच्या सीटमध्येच एअरबॅग असते, त्यांची सीट बॅटरी काढून थोडा वेळ थांबल्याशिवाय सोडू नये. ते काम जाणत्याकडेच द्यावं.) पालथ्या सीटखालून पिवळी पूड सांडली. ती फोमची होती.

“बघ,” मामा म्हणाले, “कातडं बाहेरून नाही फाटलं, आतून फाटलंय. भरती बसली, मग कातडं मोकळं पडलं, मग ते लोखंडावर घासलं. आता नुसतं नवं कातडं घातलंस तर पुढच्या दिवाळीला परत मला फोन करशील.”

दुसरी गोष्ट त्यांनी बजावली ती अशी: “दोन्ही सीटा एकदम उसवू नकोस. एक उसव, एक तशीच ठेव. अडलास की तिला विचार.”

या कामातला एवढा उपयोगी सल्ला मला कुठेच वाचायला मिळाला नाही. डावी सीट उजवीचा आरसा असते. उसवलेले तुकडे टेबलावर पडले की कुठला कुठे जातो ते कळेनासं होतं आणि शाबूत सीट नकाशासारखी उपयोगी पडते.

वेसण काढताना

कव्हर सीटच्या सांगाड्याला धरून ठेवतात त्या तारेच्या छोट्या कड्या. त्यांना हॉग रिंग म्हणतात. डुकराने जमीन उकरू नये म्हणून त्याच्या नाकात घालायच्या कडीवरून हे नाव आलं. आपल्याकडची बैलाची वेसणच म्हणा. पक्कडीने त्या कापाव्या लागतात आणि तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. कव्हरच्या आतल्या बाजूला कापडी नळ्या शिवलेल्या असतात, त्यांतून तारा ओवलेल्या असतात आणि कड्या त्या तारांना फोमखालच्या तारांशी बांधतात. सीटवर खोल रेघा पडतात त्या यामुळेच. जुन्या तारा फेकू नयेत. गंजल्या असतील तर त्याच जाडीच्या, त्याच लांबीच्या नव्या करून घ्याव्यात.

मग उसवणं. शिवण कापण्याआधी प्रत्येक तुकड्यावर मागून नाव लिहायचं आणि जोडावर दर काही इंचांवर दोन्ही तुकड्यांना आडवी रेघ मारायची. नव्या चामड्यावर याच रेघांच्या जागी बारीक खाचा येतात आणि शिवताना खाचेला खाच जुळवायची असते. जुना तुकडा जसाच्या तसा छापून घेऊ नये, कारण तीस वर्षांत तो ताणलेला असतो. पुठ्ठ्यावर नमुना काढून कमी झिजलेल्या दुसऱ्या सीटशी पडताळावा.

फोमसाठी मी तीन दिवस दिले. पूड झालेला भाग धारदार सुरीने कापून टाकला, तिथे नवा, दाबला की लगेच उसळणारा फोम चिकटवला आणि तासून मूळ आकार आणला. सोफ्याचा हलका फोम इथे चालत नाही, तो महिनाभरात बसतो. स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये जाड गोणपाट किंवा नमदा हवा, नाहीतर तार फोमला करवतीसारखी कापते. शेवटी सगळ्यावर पातळ फोमचा एक थर दिला. त्याने कव्हर भरून येतं आणि सुरकुत्या पडत नाहीत.

घरातल्या शिलाई मशीनवर हे काम होत नाही. वरचा पायही दात्यांबरोबर पुढे सरकतो असं मशीन लागतं, नाहीतर वरचं चामडं मागे राहतं आणि खालचं पुढे जातं. सुई चामड्याची, धागा नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा. सुती धागा कुजतो. टाका साधारण ४ ते ५ मिलिमीटरचा. त्याहून बारीक घातला तर टपालाच्या तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि चामडं तिथेच फाटतं. माझी चूक वेगळीच. तुकडे जोडून ठेवायला मी टाचण्या लावल्या. कापडातलं भोक मिटतं, चामड्यातलं मिटत नाही. पाठीच्या मधोमध चार ठिपके आजही दिसतात. वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे वापरायला हवे होते.

या गाडीत सीटच्या पाठीला डोक्याची उशी वेगळी नसते, एकसंध असते. त्यामुळे कव्हर वरून झबल्यासारखं चढवावं लागतं. चढवण्याआधी ते उन्हात तासभर ठेवलं, इंग्लंडात ऊन नसेल त्या दिवशी केस वाळवायच्या यंत्राने ऊब दिली. फोमवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी घातली की चामडं अडखळत नाही. मध्यापासून सुरुवात करून दोन्ही बाजूंनी कड्या मारत गेलो. पहिली सीट बसवायला सबंध रविवार गेला. दुसरी दुपारच्या जेवणाआधी झाली.

स्वतः की कारागिराकडे?

तयार शिवलेली कव्हरं या गाडीसाठी मिळतात आणि ती बसवणं हौशी माणसाला जमतं. नमुना काढून शिवायचं असेल तर मशीन आणि हात दोन्ही हवेत. ते नसतील तर कारागिराकडे जावं. त्याला चामड्याच्या प्रतीबद्दल विचारालच, पण आधी विचारा, “आतल्या फोमचं आणि तारांचं काय करणार?” त्यावर जो सीट पालथी घालून बघतो, काम त्यालाच द्या.

सीट नवी झाली की आपली उतरायची सवयही बदलावी. दरवाज्याच्या उंबऱ्यावर हात टेकून अंग उचलायचं, मग पाय बाहेर. कडेवरून घसरायचं नाही. आणि जुनी कव्हरं फेकू नका. माझी घरातल्या माळ्यावर एका खोक्यात आहेत, प्रत्येक तुकड्यावर नाव लिहिलेली. सीट पुढे कधी पुन्हा उसवावी लागली, तर विचारायला काहीतरी शिल्लक हवं.