डोकं वर आहे, अजून वेळ आहे

उलव्यातल्या कुठल्याही सोनोग्राफी सेंटरच्या बाकावर बसा, समोर पाटी असतेच : इथे गर्भलिंगनिदान केलं जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. देशाचा हा कायदा १९९४ चा. महाराष्ट्राने मात्र स्वतःचा कायदा १९८८ मध्येच केला होता. पोटातल्या बाळाबद्दलची एक मोठी गोष्ट आपल्याला शेवटपर्यंत ठाऊक नसते आणि त्याचं कुणाला ओझंही वाटत नाही. उलट डोहाळजेवणात वाट्या झाकून ‘पेढा की बर्फी’ रंगतं. मग आतून नाव पुकारलं जातं, तपासणी होते, आणि रिपोर्टवर भलतीच ओळ येते. ‘प्रेझेंटेशन : ब्रीच.’ बाळाचं डोकं वर, बूड खाली. आता त्याच घराची झोप उडते.

उलव्यात ही झोप जरा जास्तच उडते. सिडकोने वसवलेला हा तरुण नोड. २०१८ मध्ये लोकल बामणडोंगरी-खारकोपरपर्यंत आली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, विमानतळासाठी इथली टेकडी छाटली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. मूळचे आगरी-कोळी सोडले तर बहुतेकांचे संसार नवे आणि वडीलधारी माणसं दूर, कुणाची साताऱ्याला, कुणाची जळगावला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज अजून टिकून आहे. त्यामुळे चौतिसाव्या आठवड्यात ब्रीच म्हटलं की प्रश्नांची रांग लागते. माहेरी जायचं की इथेच थांबायचं? तिथल्या नव्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगायचं का? सिझेरियनची तारीख घेतली आणि बाळ आदल्या दिवशी वळलं तर? त्यात फोनवरून सल्ले : “खाली बसून लादी पूस, फिरेल बघ.” “आमच्या जाऊबाईंचं नवव्या महिन्यात फिरलं होतं.” जाऊबाईंची गोष्ट खरी असू शकते. लादीचं पुढे बघू.

रिपोर्टमधली ती ओळ वाचण्याआधी त्यावरचा आठवडा वाचावा. अठ्ठाविसाव्या आठवड्यात साधारण चारातलं एक बाळ असं उलटं असतं. पूर्ण दिवस भरतात तेव्हा शंभरातली तीन-चारच उरतात. मधल्या काळात बाकीची आपली आपण वळलेली असतात, बरेचदा आईला पत्ताही न लागता. छत्तिसाव्या आठवड्यानंतर मात्र वेग मंदावतो. पहिलटकरणीचं बाळ तेव्हाही उलटं असेल तर ते आपणहून वळण्याची शक्यता शंभरात आठ-एक उरते. म्हणजे अठ्ठाविसाव्या आठवड्यातलं ‘ब्रीच’ आणि सदतिसाव्यातलं ‘ब्रीच’ यांचा अर्थ फार वेगळा आहे. पहिल्यात काही करायचं नसतं, दुसऱ्यात ठरवायचं असतं.

पण बाळ वळतं कसं? त्याला कुणी दिशा दाखवत नाही, वर-खाली समजावत नाही. गर्भाशय वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळतं असतं. सुरुवातीला बाळ लहान, पाणी भरपूर. ते दिवसभरात कितीही कोलांट्या मारू शकतं. पुढे बाळ वाढतं, आणि शेवटच्या आठवड्यांत पाणी कमी होऊ लागतं. आता जागा जपून वापरावी लागते. मांडी घातलेले पाय आणि बूड मिळून डोक्यापेक्षा जास्त जागा खातात, म्हणून हा पसारा रुंद भागात, वर जातो आणि डोकं निमुळत्या भागात उतरतं. त्यात बाळाचं स्वतःचं कामही आहे : पाय झाडणं. तळव्यांना भिंत लागली की ते रेटा देतं. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला उभं धरून तळवे टेबलाला टेकवले की ते पावलं टाकल्यासारखं करतं. बालरोगतज्ज्ञ हे रोज बघतात. चालायला अजून वर्ष असतं, पण पावलांचा सराव पोटातच झालेला असतो.

यातूनच शेवटपर्यंत न वळणाऱ्या बाळाचंही कोडं थोडं सुटतं. पूर्ण दिवसांच्या ब्रीच बाळांपैकी साधारण दोन-तृतीयांश बाळांचे पाय गुडघ्यात दुमडलेले नसतात. ते सरळ वर, चेहऱ्याशेजारी गेलेले असतात. अशा पायांची धडाला खपच्ची बसल्यासारखी होते. रेटा द्यायला पाय मोकळे नाहीत आणि अंग वाकवायलाही वाव नाही. अशी बाळं जन्मानंतरही काही दिवस पाय कानाशी घेऊन निवांत झोपतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला धक्का बसतो, बाळ मात्र खुशाल असतं. डोकंही छान गोल असतं, कारण ते जन्मवाटेत दाबलं गेलेलं नसतं.

आईला याची चाहूल आधी लागू शकते. लाथा खाली, मूत्राशयावर बसतात. बरगडीखाली काहीतरी टणक, गोल रुततं. डॉक्टरांचा तळहात पोटाच्या वरच्या टोकावर जातो तो याच शोधात. डोकं कडक असतं आणि बोटाने हलकेच ढकललं तर मानेवर एकटंच डुलतं. बूड मऊ असतं आणि हलवलं तर सगळं अंग सोबत हलतं. हृदयाचे ठोके एरवी बेंबीच्या खाली सापडतात, ब्रीच बाळाचे बरेचदा बेंबीच्या वर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन डॉक्टर लिओपोल्ड यांनी ही चाचपणी चार टप्प्यांत बसवून दिली आणि ती आजही तशीच शिकवली जाते. सोनोग्राफी त्यामानाने कालची : ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९५८ चा.

कारण विचाराल तर काही वेळा ते सापडतं. वार खाली असणं, पाणी फार जास्त किंवा फार कमी असणं, गर्भाशयात पडदा किंवा गाठ असणं, जुळी असणं. बहुतेक वेळा काहीच सापडत नाही. ‘लोकलमध्ये धक्के खाल्ले म्हणून’, ‘डाव्या कुशीवर झोपले नाही म्हणून’ असा आईने स्वतःवर आळ घ्यायचं काही कारण नाही. नॉर्वेतल्या जन्मनोंदींवरून २००८ मध्ये एक मजेशीर गोष्ट पुढे आली. जी माणसं स्वतः पूर्ण दिवसांची ब्रीच म्हणून जन्मली, त्यांचं पहिलं बाळही ब्रीच असण्याची शक्यता दुपटीहून जास्त. आणि हे आईइतकंच बाबालाही लागू! तेव्हा सासूबाईंनी सुनेकडे बघण्याआधी लेकाच्या जन्माची गोष्ट आठवून पाहायला हरकत नाही.

अशा माणसाला आपण पायाळू म्हणतो, आणि पायाळू म्हटलं की गावाकडच्या कुणालाही चार गोष्टी आठवतात. पाठीत उसण भरली की पायाळूची लाथ खायची. पायाळूला जमिनीतलं गुप्तधन दिसतं, पाणी दिसतं. पावसात त्याने झाडाखाली उभं राहू नये, वीज त्याच्यावर पडते. गंमत म्हणजे पार ईशान्य स्कॉटलंडमध्येही लोकांची हीच समजूत होती : पायाकडून जन्मलेल्या माणसाने दुखरी कंबर तुडवली की ती बरी होते. १८८१ मध्ये छापलेल्या तिथल्या लोकसमजुतींच्या संग्रहात त्याची नोंद आहे. रायगड आणि स्कॉटलंड यांनी हे एकमेकांना कधी कळवलं असेल असं वाटत नाही. वेगळ्या वाटेने आलेल्या माणसाकडे काहीतरी वेगळं असणार, असं दोन्हीकडे आपापलं वाटलं असावं. लाथेपर्यंत ही गंमत ठीक आहे. गुप्तधनाच्या नादाला मात्र काळी बाजू आहे, आणि महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धन आणि जलस्रोत यांच्या शोधासाठी केलेल्या अघोरी प्रकारांचा वेगळा उल्लेख आहे, तो उगाच नाही.

समजुतींमागे खरी भीतीही होती. डोकं आधी आलं तर अंग सहज मागोमाग येतं, कारण सर्वांत मोठा भाग वाट करून गेलेला असतो. पाय आणि धड आधी आलं तर डोकं शेवटी अडकू शकतं, किंवा नाळ आधी घसरून दाबली जाऊ शकते. सुश्रुतसंहितेत बूड पुढे आलेल्या गर्भासाठी सांगितलं आहे की ते वर सारावं, पाय मोकळे करावेत आणि मग बाळ बाहेर घ्यावं; आणि यासारखं अवघड काम नाही, हेही तिथेच कबूल केलं आहे. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींनी अमेरिकेत डॉक्टर होताना प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचाच.

आज छत्तीस-सदतीस आठवड्यांना बाळ उलटं असेल तर तीन वाटा असतात, आणि पहिलीबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. तिचं नाव ईसीव्ही. म्हणजे पोटावरून, बाहेरून, हातांनी बाळ वळवणं. आधी सोनोग्राफी, बाळाच्या ठोक्यांचा आलेख, गर्भाशय सैल पडावं म्हणून औषध. मग डॉक्टर एका हाताने बूड ओटीपोटातून वर उचलतात, दुसऱ्याने डोकं खाली सरकवतात आणि बाळाला हलकेच कोलांटी घ्यायला लावतात. आईला जोराचा दाब जाणवतो, दुखूही शकतं. ती थांबा म्हणाली की थांबायचं. काम काही मिनिटांचं. सरासरी निम्म्या वेळा जमतं, पहिलटकरणीत थोडं कमी, आधी बाळंत झालेलीत जास्त. जमलं की पुन्हा उलटं होणारी बाळं थोडीच. साधारण दोनशेत एकीला मात्र लगेच सिझेरियन करावं लागतं, म्हणून हे काम ऑपरेशन थिएटर हाताशी असलेल्या रुग्णालयातच व्हायला हवं. मालिशवाल्या बाईकडून पोट चोळून बाळ फिरवून घेणं यात बसत नाही. तिथे ठोके कोण बघणार? वार खाली असेल, रक्तस्राव होत असेल, पाणी गेलं असेल तर ईसीव्ही करत नाहीत. आणि लादी? कंबर उंच ठेवून झोपणं, गुडघ्यांवर ओणवं राहणं अशा उपायांनी बाळ वळतं याचा भरवशाचा पुरावा अभ्यासांत मिळालेला नाही. लादी स्वच्छ होईल.

उरलेल्या दोन वाटा म्हणजे ठरवून सिझेरियन किंवा सरावलेल्या हातांखाली ब्रीच बाळंतपण. २००० मध्ये सव्वीस देशांतल्या दोन हजारांहून जास्त स्त्रियांवरचा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये आला. बाळ दगावणं किंवा गंभीर त्रास होणं सिझेरियनच्या गटात १.६ टक्के, दुसऱ्या गटात ५ टक्के. जगभरच्या प्रसूतिगृहांनी धोरण बदललं. दोन वर्षांनी त्यातल्या मुलांना पुन्हा तपासलं तेव्हा दोन गटांत फरक उरला नव्हता, पण तोवर ब्रीच बाळंतपण करणारे हातच कमी होऊ लागले होते. ब्रिटनच्या तज्ज्ञांचे २०१७ चे आकडे असे : हजारी बालमृत्यू ठरवलेल्या सिझेरियनमध्ये ०.५, ठरवलेल्या ब्रीच बाळंतपणात २, आणि डोकं खाली असलेल्या साध्या बाळंतपणात १. तिन्ही आकडे लहान आहेत. माझ्या मते आईला हे आकडे तोंडाने सांगायला हवेत. ‘सिझर करावं लागेल’ एवढ्यावर तिची बोळवण होऊ नये. ईसीव्ही तुमच्याकडे करता का, नसेल तर कुठे पाठवाल, हे विचारायला संकोच नको.

सिझेरियनची तारीख मिळाली तर त्या सकाळी पुन्हा सोनोग्राफी मागा. उशिरा वळलेली बाळं असतात. पाणी अचानक गेलं तर कळांची वाट न बघता निघा, कारण ब्रीचमध्ये नाळ घसरण्याची भीती जास्त. पलीकडे मुंबईतलं रुग्णालय ठरवलं असेल तर लक्षात ठेवा, अटल सेतूवर रिक्षा आणि दुचाकी चालत नाहीत. गाडी आधी ठरवून ठेवा, आणि १०८ क्रमांक घरातल्या सगळ्यांना पाठ हवा.

एक गोष्ट मात्र बाळ कुठल्याही वाटेने आलं तरी विसरायची नाही. ब्रीच बाळांत, विशेषतः मुलींत, खुब्याचा सांधा सैल असण्याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून सहाव्या आठवड्याच्या सुमारास खुब्यांची सोनोग्राफी करतात, छत्तिसाव्या आठवड्यानंतर उलटं असलेलं बाळ पुढे वळलं असेल तरीही. दुपट्ट्यात पाय सरळ ताणून घट्ट गुंडाळू नका. ढोपरं दुमडून बाजूला पडतील एवढी जागा राहू द्या. पुढे बाळ मान धरून बसू लागलं की आपलं कडेवर घेणं या सांध्यांना मानवतं. आणि पहिल्याच भेटीत बालरोगतज्ज्ञांना आठवणीने सांगा की बाळ पायाळू होतं. डिस्चार्जच्या कागदावर ते लिहायचं राहून जातं.