तंबोऱ्याचा सूर आणि संगणकाचा गाभा

सांगली जिल्ह्यातील मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. योगायोगाने त्याच वर्षी, १७ नोव्हेंबरला, लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची, ६.१२ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि सुमारे वीस वर्षे मूळ प्रणालीबाहेर वाढलेली ‘प्रीएम्प्ट-आरटी’ ही सुधारणा तिच्यात सामावली गेली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. तथापि घरच्या संगणकावर गाणे-बजावणे करणाऱ्या कलावंताच्या दृष्टीने दुसरी घटनाही मोलाची आहे.

प्रोसेसरचा वेळ कोणत्या कामाला केव्हा द्यायचा, हे कर्नेल ठरवते. ध्वनी संगणकात शिरतो तेव्हा त्याचे सेकंदाला सामान्यतः ४८,००० नमुने घेतले जातात आणि ते ‘बफर’ नावाच्या तात्पुरत्या साठ्यात गोळा होऊन पुढे जातात. हा साठा १२८ नमुन्यांचा असेल तर तो भरण्यास सुमारे २.७ मिलिसेकंद लागतात, १०२४ नमुन्यांचा असेल तर २१; आणि आवाज आत येताना व बाहेर जाताना असा विलंब दोनदा होत असल्याने मोठ्या बफरमुळे गायिकेला स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये चाळीसहून अधिक मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २०० मिलिसेकंदांची असते, म्हणजे हा उशीर मात्रेच्या पाचव्या हिश्श्याएवढा होतो आणि लयीला तो सोसवत नाही. याउलट पाच-सहा मिलिसेकंदांचा विलंब बाधत नाही, कारण दोन मीटरांवर बसलेल्या साथीदाराचा आवाज हवेतून पोहोचण्यासही जवळजवळ तेवढाच वेळ लागतो.

मग बफर लहान ठेवला की झाले, असे वाटेल. पण तसे केल्यास प्रोसेसरला दर २.७ मिलिसेकंदांनी न चुकता हजर राहावे लागते, आणि त्याच क्षणी कर्नेल डिस्कच्या किंवा वायफायच्या कामात पाच मिलिसेकंद अडकले, तर साठा रिकामा पडून ध्वनिमुद्रणात ‘टक्’ असा खंड उमटतो, ज्याला या क्षेत्रात ‘एक्सरन’ म्हणतात. येथे सरासरी वेगाला फारसे महत्त्व नसते. एकदाच झालेला सर्वांत मोठा उशीरही संपूर्ण ख्याल बिघडवू शकतो. ‘प्रीएम्प्ट-आरटी’ घडवणाऱ्या इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके याच उशिरावर काम केले: उपकरणांकडून येणाऱ्या बहुतेक व्यत्ययांची कामे प्राधान्यक्रम असलेल्या स्वतंत्र धाग्यांकडे सोपवली, आणि कर्नेलच्या आतली बहुतेक कुलुपे अशी बदलली की अधिक निकडीचे काम आल्यास चालू काम मध्येच थांबवता यावे. त्यामुळे यंत्र वेगवान होत नाही, उलट एकूण कामाचा उरक किंचित घटतो. मात्र ठरल्या वेळी काम होण्याची खात्री वाढते.

तरीही प्रत्येकाने कर्नेल बदलावे असे नाही. तंबोरा किंवा सतार केवळ ध्वनिमुद्रित करायची असेल आणि ध्वनी-इंटरफेसमधूनच थेट ऐकण्याची सोय असेल, तर नेहमीचे कर्नेल पुरेसे ठरते. संगणकातून निर्माण होणारी वाद्ये कीबोर्डवर वाजवणाऱ्यांना किंवा गाताना आवाजावर परिणाम चढवणाऱ्यांना मात्र या बदलाचा खरा लाभ होतो. डेबियनसारख्या वितरणांत असे कर्नेल तयार मिळते, त्यामुळे ते स्वतः बांधण्याची गरज राहत नाही. जुने कर्नेल काढून न टाकता सुरू होतानाच्या यादीत राखून ठेवावे, कारण ग्राफिक्स कार्डाची बाहेरून बसवलेली ड्रायव्हर प्रणाली नव्या गाभ्याशी जुळेलच असे नसते. नव्या कर्नेलइतकीच ध्वनीच्या प्रोग्रॅमला उच्च प्राधान्याची परवानगी मिळणेही आवश्यक असते, आणि अनेक ठिकाणी नेमकी हीच पायरी राहून जाते. त्यानंतर नेहमीच्या कामाचा पूर्ण भार टाकून यंत्र काही तास चालवावे, एक्सरन मोजावेत आणि ज्या सर्वांत लहान बफरवर एकही खंड पडत नाही, तोच मैफलीसाठी कायम करावा.