एक ‘मेक’ आणि तीन कोटी ओळी

‘मेक’ एवढा एकच शब्द टंकायचा आणि एंटर दाबायचे. लगेच पडद्यावर ओळी धावू लागतात. प्रत्येक ओळीच्या डाव्या टोकाला एक छोटी खूण असते. ‘सीसी’ म्हणजे सी भाषेतली एक फाइल कंपाइल होते आहे, ‘एआर’ म्हणजे तयार तुकड्यांचा गठ्ठा बांधला जातो आहे, ‘एलडी’ म्हणजे जोडणी चालू आहे. दमदार यंत्रावर काही मिनिटे, जुन्या लॅपटॉपवर काही तास हा ओघ चालतो आणि शेवटी लिनक्सचे कर्नेल हाती येते, म्हणजे संगणकाचे यंत्रभाग आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामध्ये बसलेला तो मूळ गाभा.

हे कर्नेल अँड्रॉइड फोनच्या रूपाने बहुतेकांच्या खिशात आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक महासंगणक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२०च्या त्या यादीत ६३व्या क्रमांकावर होता, तोही लिनक्सवरच. फोनचे कर्नेल आणि महासंगणकाचे कर्नेल एकाच कोडमधून जन्मतात. फरक असतो तो निवडीचा. तीन कोटींहून अधिक ओळींच्या त्या पसाऱ्यातले काय घ्यायचे, काय वगळायचे, कोणत्या क्रमाने कंपाइल करायचे आणि कसे जोडायचे, हे ठरवणारी यंत्रणा म्हणजे ‘केबिल्ड’, आणि निवड नोंदवणारी तिची जोडीदार म्हणजे ‘केकॉन्फिग’. लिनस टोरवाल्ड्स हे नाव संगणक शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. केबिल्ड सांभाळणाऱ्यांची नावे मात्र संगणकाच्या पदवीधरांनाही सांगता येत नाहीत. ती माहीत असायला हवीत.

सुरुवात साधी होती. १९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या टोरवाल्ड्स यांनी आपल्या कर्नेलची वार्ता जाहीर केली. सप्टेंबरमध्ये आलेली पहिली आवृत्ती सुमारे दहा हजार ओळींची होती आणि तिच्या बिल्डला काही छोट्या मेकफाइली पुरत होत्या. ‘मेक’ हे साधन त्याहूनही जुने आहे. ते बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये लिहिले. कोणती फाइल कोणत्या फाइलवर अवलंबून आहे हे त्याला सांगायचे, मग जेवढे बदलले असेल तेवढेच ते पुन्हा बनवते. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे, हा त्याचा नियम नवशिक्यांना अजूनही छळतो. फेल्डमन यांना ही चूक लवकरच उमगली होती. पण तोवर डझनभर लोक ते साधन वापरू लागले होते आणि त्यांची घडी विस्कटायला नको म्हणून टॅब तसाच राहिला. जगभरातल्या प्रोग्रॅमरांच्या बोटांना पडलेल्या सवयीचे मूळ इतके लहान आहे.

कर्नेल वाढले तसे निवडीचे प्रश्न वाढले. रेमंड चेन यांनी त्यासाठी ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट लिहिली. हेच चेन पुढे मायक्रोसॉफ्टमधल्या कामामुळे आणि विंडोजवरच्या लेखनामुळे प्रसिद्ध झाले. ती स्क्रिप्ट एकामागून एक प्रश्न विचारायची आणि माणसाने हो-नाही करत शेवटापर्यंत जायचे. मध्ये चूक झाली तर पुन्हा पहिल्या प्रश्नापासून. आज पर्यायांची संख्या पंधरा हजारांच्या पुढे आहे. एकेका प्रश्नाला पाच सेकंद दिले तरी वीस तासांहून जास्त लागतील.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जुन्या व्यवस्थेची लक्तरे झाली होती. फाइलींची अवलंबने नोंदवणारी ‘मेक डेप’ ही पायरी हाताने चालवावी लागे. ती विसरली तर कर्नेल बनायचे, पण चुकीचे बनायचे. तेव्हा दोन मोठे प्रयत्न झाले. खुल्या सॉफ्टवेअरवरच्या ‘द कथीड्रल अँड द बझार’ या निबंधाचे लेखक एरिक रेमंड यांनी ‘सीएमएल-२’ ही नवी कॉन्फिग भाषा पायथनमध्ये लिहिली. ऑस्ट्रेलियाचे कीथ ओवेन्स यांनी ‘केबिल्ड २.५’ या नावाने बिल्डची अख्खी रचना पायापासून उभारली. दोघेही जाणकार होते आणि दोघांनी खपून काम केले. दोन्ही कामे नाकारली गेली. सीएमएल-२ आले तर कर्नेल बनवण्यासाठी प्रत्येकाच्या यंत्रावर पायथन लागणार होते आणि सगळे नियम एका दमात बदलणार होते. ओवेन्स यांची रचना अचूक होती, पण सुरुवातीला संथ होती. त्यांनी गाभा पुन्हा लिहून तो वेगही मिळवला. तरी ती एकगठ्ठा घ्यावी लागणार होती, आणि टोरवाल्ड्स यांना बदल छोट्या, तपासता येणाऱ्या तुकड्यांत हवे होते.

ते तुकडे पाडण्याचे काम काय गेरमाशेव्स्की यांनी केले. ते मूळचे कर्नेलमधला आयएसडीएन या टेलिफोन-जोडणीचा कोड सांभाळणारे. त्यांनी २००२ मध्ये जुन्याच मेकफाइली हातात घेतल्या आणि एकेक धागा सोडवत गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रोमान झिप्पेल यांचे केकॉन्फिग २.५.४५ या आवृत्तीत आले. तेही एका फटक्यातच आले, हे खरे. पण ते सी भाषेत होते, नवे साधन मागत नव्हते, आणि जुन्या फाइलींचे रूपांतर करणारा प्रोग्रॅम झिप्पेल यांनी सोबत दिला होता. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आले तेव्हा ‘मेक डेप’ कायमचे गेले होते. ओवेन्स आणि रेमंड यांच्या श्रमांविषयी हळहळ वाटते, पण निर्णय बरोबर होता असेच पुढच्या वीस वर्षांनी दाखवले आहे.

या रचनेतली कारागिरी जवळून पाहावी अशी आहे. एखाद्या ड्रायव्हरसाठी मेकफाइलीत एकच ओळ असते: ‘ओबीजे’, मग एक आडवी रेघ, मग त्या पर्यायाचे चल-नाव, मग ‘अधिक-बरोबर’ची खूण आणि शेवटी फाइलीचे नाव. पर्यायाचे उत्तर ‘वाय’ असेल तर ती फाइल ‘ओबीजे-वाय’ या यादीत जाते, म्हणजे थेट कर्नेलमध्ये. उत्तर ‘एम’ असेल तर ‘ओबीजे-एम’मध्ये, म्हणजे लागेल तेव्हा भरता येणारे वेगळे मॉड्यूल. उत्तरच नसेल तर नुसत्या ‘ओबीजे-’ या यादीत, आणि त्या यादीकडे कोणी पाहत नाही. कुठेही जर-तर नाही.

तीन उत्तरे असल्यामुळे तर्कशास्त्रही तीन मूल्यांचे लागते: ‘नाही’ला शून्य, ‘मॉड्यूल’ला एक, ‘हो’ला दोन. केकॉन्फिगच्या फाइली चाळताना एक ओळ हमखास दिसते: हा पर्याय ‘ब’वर अवलंबून आहे, किंवा ‘ब नाही’वर. पाऊस पडतो आहे किंवा पडत नाही, हे विधान कायम खरेच असते, मग अशी ओळ लिहायची कशाला? खुबी मधल्या मूल्यात आहे. ‘ब’ मॉड्यूल असेल तर त्याचे मूल्य एक, आणि ‘ब नाही’चे मूल्य दोन वजा एक, म्हणजे पुन्हा एक. ‘किंवा’ने मोठे मूल्य घेतले तरी उत्तर एकच येते. म्हणजे हा पर्यायही मॉड्यूलच होऊ शकतो, कर्नेलच्या पोटात बसू शकत नाही. तसे व्हायलाच हवे, कारण पोटातला कोड अजून न भरलेल्या मॉड्यूलमधले फंक्शन बोलावू लागला तर जोडणीच्या वेळी बिल्ड फुटतो. ‘ब’ मुळातच नसेल किंवा पोटात असेल, तर अडसर नाही. वरवर निरर्थक वाटणारी ती ओळ अशी नेमकी एक चूक रोखते.

अशा चुका सापडतात त्या ‘रँडकॉन्फिग’ने. ही आज्ञा सगळ्या पर्यायांना चिठ्ठ्या टाकल्यासारखी उत्तरे देते आणि कुणाही शहाण्या माणसाने निवडले नसते असे कर्नेल बनवायला घेते. आर्न्ड बेर्गमान यांनी वर्षानुवर्षे असे बिल्ड लावून फुटलेले सांधे दुरुस्त केले आहेत. इंटेलचा तपासणी रोबोही हे काम रात्रंदिवस करतो.

वेळ वाचवण्याची युक्ती तर फारच सुंदर आहे. सगळ्या निवडींची नोंद एका हेडर फाइलीत होते आणि कर्नेलची प्रत्येक सी फाइल ते हेडर वाचते. मेकचा साधा नियम लावला तर एका पर्यायाचे ‘नाही’चे ‘हो’ केले की हेडर बदलणार आणि अख्खे कर्नेल पुन्हा कंपाइल होणार. गेरमाशेव्स्की यांच्या ‘फिक्सडेप’ या छोट्या प्रोग्रॅमने यावर तोडगा काढला. आधीच्या एका साधनातली कल्पना त्यांनी पुढे नेली. तो कंपाइल झालेल्या फाइलीच्या अवलंबनांतून ते हेडर काढून टाकतो, मजकूर चाळून त्यात कोणत्या पर्यायांची नावे आली आहेत ते पाहतो आणि त्या प्रत्येक नावाच्या एका रिकाम्या फाइलीवर अवलंबन नोंदवतो. त्या फाइलींमध्ये एक अक्षरही नसते. त्यांची फक्त तारीख-वेळ कामाची. पर्याय बदलला की त्याच्या नावाच्या फाइलीची वेळ पुढे सरकते आणि तो पर्याय वापरणाऱ्या तेवढ्याच फाइली पुन्हा कंपाइल होतात. कंपाइल करताना दिलेली आज्ञाही शेजारच्या एका लपवलेल्या फाइलीत लिहून ठेवलेली असते. आज्ञेतला एखादा झेंडा (फ्लॅग) बदलला तरी केबिल्डला ते कळते.

दिवाळी अंकाचे काम ज्यांनी केले आहे त्यांना शेवटची पायरी चटकन समजेल. अंकाच्या सुरुवातीला अनुक्रमणिका घालायची असते, पण ती एका पानाची दोन पाने झाली की पुढचे सगळे पृष्ठांक सरकतात आणि अनुक्रमणिका पुन्हा लावावी लागते. कर्नेलच्या पोटातही अशी एक यादी असते, कोणते फंक्शन कोणत्या पत्त्यावर आहे ते सांगणारी. कर्नेल कोसळले तर चूक कुठे झाली हे त्या यादीमुळे नावानिशी सांगता येते. पण यादी कर्नेलच्या आतच ठेवायची असल्याने ती घातली की पत्ते सरकतात. म्हणून केबिल्ड एकदा जोडणी करून यादी काढते, ती घालून पुन्हा जोडणी करते, सरकलेल्या पत्त्यांची यादी पुन्हा काढते आणि पुन्हा जोडते.

हे सगळे चालते ठेवणे म्हणजे सांभाळणे. गेरमाशेव्स्की यांच्यानंतर डेन्मार्कचे सॅम राव्नबोर्ग, मग मिखाल मारेक आणि २०१७ पासून जपानचे मासाहिरो यामादा अशी ही जबाबदारी हातोहात गेली. यामादा आले ते चिप बनवणाऱ्या उद्योगातून. त्याआधी २०१४ मध्ये त्यांनी ‘यू-बूट’ या बूटलोडरला केकॉन्फिग लावून दिले होते. २०१८ मध्ये, ४.१८ या आवृत्तीत, त्यांनी केकॉन्फिगला कंपायलरशी बोलायला शिकवले. तोवर कंपायलरला एखादी सोय येत नसेल तर ते बिल्ड चालू झाल्यावर कळायचे. आता निवडीच्या वेळीच तपासणी होते आणि न पेलणारा पर्याय समोर येतच नाही.

कंपायलर हा या कामातला कायमचा डोकेदुखीचा भाग आहे. पूर्वी कर्नेल जीसीसीनेच बनायचे, मग क्लँग आला, आणि २०२२ अखेरच्या ६.१ मध्ये रस्ट ही दुसरी भाषा दाखल झाली. त्याच वर्षी ५.१८ मध्ये कर्नेलने सी भाषेचे १९८९चे जुने रूप सोडून २०११चे रूप घेतले. सप्टेंबर २०२१ मध्ये टोरवाल्ड्स यांनी कंपायलरचा प्रत्येक इशारा म्हणजे चूकच धरायची, असा झेंडा सर्वांसाठी लावला. वेगवेगळ्या प्रोसेसरांवर आणि कंपायलरांवर बिल्ड धडाधड फुटू लागले आणि काही दिवसांतच तो नियम सैल करावा लागला. हेतू चांगला असला, तरी तीन कोटी ओळींना एकच हुकूम एका दिवसात लागू होत नाही. वर्षाहून जास्त खपून इंगो मोल्नार यांनी जानेवारी २०२२ मध्ये मांडलेले हेडर-सफाईचे काम बावीसशेहून अधिक बदलांचे होते. त्याने बिल्ड पुष्कळ वेगवान होत होता, पण तेही एकगठ्ठा आत येऊ शकले नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये, आठ वर्षांनंतर, यामादा बाजूला झाले. केबिल्डची जबाबदारी नेथन चॅन्सलर आणि निकोलस शीर यांनी घेतली. चॅन्सलर यांनी आधी क्लँगने कर्नेल बनवण्याच्या कामात वर्षे घातली आहेत. केकॉन्फिगला मात्र त्या वेळी वारस नव्हता. कर्नेलमध्ये ‘मेंटेनर्स’ नावाची एक लांबलचक फाइल असते, तिच्यात प्रत्येक भागापुढे त्याला कोण सांभाळतो ते लिहिलेले असते. तिथे केकॉन्फिगपुढे ‘अनाथ’ असा शेरा लागला. त्या यादीतले सगळे पाचशे महासंगणक आणि अब्जावधी फोन ज्या निवडीच्या यंत्रणेतून जन्म घेतात, तिच्यापुढे तो शब्द लिहिला गेला, हे मनाला लावून घेण्यासारखे आहे.

महाराष्ट्रात दरवर्षी हजारो मुले-मुली संगणक अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांच्यातल्या ज्यांना या कामाची ओढ वाटेल त्यांनी कर्नेलचा कोड उतरवून घ्यावा आणि ‘मेक रँडकॉन्फिग’ देऊन ‘मेक’ लावावे. बिल्ड फुटला तर कुठे आणि का फुटला ते शोधावे. मग ‘मेंटेनर्स’मध्ये तो भाग कोणाकडे आहे ते पाहावे आणि दुरुस्ती पाठवावी. त्यासाठी लागणारी माहिती त्याच कोडमध्ये ‘डॉक्युमेंटेशन’च्या आत ‘केबिल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये आहे. साधा लॅपटॉप त्यासाठी पुरेसा आहे, आणि कोड कुणालाही फुकट मिळतो.