घरी इलेक्ट्रिक केलेली गाडी : बॅटरीचा डबा कसा असावा?



जुन्या पेट्रोलच्या गाडीचं इंजिन काढून घरच्या गॅरेजमध्ये ती इलेक्ट्रिक करणारे आता आपल्यातही दिसू लागले आहेत. गप्पा होतात त्या मोटरच्या आणि रेंजच्या. पण जुन्या गाडीत बॅटरीचा डबा बहुतेक वेळा मागच्या सीटच्या पाठीशी किंवा डिकीत बसतो, आणि त्या सीटवर आपली मुलं असतात. म्हणून आज फक्त त्या डब्याबद्दल बोलूया.

उदाहरणादाखल पहिल्या पिढीच्या निसान लीफची बॅटरी घ्या. अशा कामात ती बरीच वापरली जाते. तिच्यात ४८ मॉड्यूल असतात आणि प्रत्येकाचं वजन साधारण ३.८ किलो. पुढे एक आणि मागे एक असे दोन डबे केले, तर एकेका डब्यात २४ मॉड्यूल, म्हणजे ९१ किलो. डब्याचं वजन धरून १०० किलोच्या वर जातं.

आता धडकेचा हिशोब करा. वाहनांच्या बॅटरीसाठी संयुक्त राष्ट्रांचा आर १०० नावाचा नियम आहे. त्यात प्रवासी गाडीच्या बॅटरीला पुढे-मागे किमान २० जी इतका धक्का देऊन बघतात. अमेरिकेत घरच्या कामाला तो लागू नाही, पण मोजपट्टी म्हणून चांगला आहे. २० जी म्हणजे १०० किलोचा डबा क्षणभर २ टनांसारखा ओढ घेणार. म्हणून तो नुसत्या पत्र्याच्या फरशीला बोल्ट लावून अडकवू नका, पत्रा फाटून बोल्ट सुटून येतील. चॅसीला किंवा मजबूत आडव्या चॅनलला धरा, आणि पत्र्यातून बोल्ट न्यावाच लागला तर खालून जाड पट्टी द्या.

कापाकापीआधी पुठ्ठ्याचा पूर्ण आकाराचा डबा करून गाडीत ठेवून बघा. केबल वळायला आणि पाना फिरवायला जागा उरते का, ते तिथेच कळतं.

धातू कोणता? ॲल्युमिनियम पोलादाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचं असतं, पण ६६० अंश सेल्सिअसला वितळतं. पोलाद जड खरं, पण आगीत जास्त टिकतं. निदान प्रवाशांच्या बाजूची भिंत पोलादाची ठेवा. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात तिथे ॲल्युमिनियम आणि पोलाद थेट एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम गंजतं. मध्ये रबर किंवा प्लास्टिकचा थर हवा.

डबा पाण्यापासून बंद हवा, पण हवाबंद नको. तापमान बदललं की आतली हवा फुगते, आकसते आणि आत दव साचतं. त्यासाठी पाणी अडवून हवा जाऊ देणारा व्हेंट मिळतो. याशिवाय सेल बिघडून पेटला तर हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड असे वायू जोरात बाहेर पडतात. त्यांना गाडीच्या खाली, बाहेर वाट काढून द्या. केबिनकडे एकही फट राहू देऊ नका.

लीफचे सेल पाकिटासारखे मऊ असतात आणि वापरात थोडे फुगतात. त्यामुळे मॉड्यूलच्या थप्पीला दोन्ही टोकांना जाड प्लेट लावून, लांब बोल्टने सारखी आवळून ठेवावी लागते.

आता विजेचं. ६० व्होल्ट डीसीच्या पुढे धोका मानतात. इथे एकाच डब्यात १८० व्होल्टच्या आसपास आहेत आणि दोन्ही मिळून पूर्ण चार्जला जवळपास ४००. म्हणून फ्यूज आणि काँटॅक्टर डब्याच्या आतच ठेवा, म्हणजे गाडी बंद असताना बाहेरच्या केबलमध्ये वीज नसेल. केबल नारिंगी हवी, आणि पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट हवंच. शेवटी गाडीची बॉडी आणि बॅटरी यांच्यातलं इन्सुलेशन मोजून घ्या. त्याच नियमाप्रमाणे दर व्होल्टला किमान १०० ओहम, म्हणजे ४०० व्होल्टला ४०,००० ओहम तरी यायला हवेत.

ही जोडणी एकट्याने करू नका. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा आणि इन्सुलेटेड हातमोजे घाला. वेल्डिंग येत नसेल तर तेवढं काम जाणकाराकडून करून घ्या. इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही. आणि पहिला पत्रा कापण्याआधीच आपल्या राज्याच्या मोटार वाहन विभागाला आणि विमा कंपनीला फोन करा. गाडी तयार झाल्यावर नकार ऐकणं फार महागात पडतं.

तुमच्यापैकी कुणी असं काम हाती घेतलं असेल तर आम्हाला जरूर कळवा.