आपणच मालक, आपणच चाकर

"तुमचे काय बुवा, तुम्ही आपल्या मनाचे राजे!" हे वाक्य स्वतंत्र धंदा करणाऱ्या माणसाला केव्हा ना केव्हा ऐकावे लागतेच. कचेरीची घंटा नाही, हजेरीपट नाही, साहेबाचा धाक नाही. भाषांतरकार, घराचे नकाशे काढणारा, दुकानांचे हिशेब लिहून देणारा, घरबसल्या संगणकावर परगावच्या गिऱ्हाइकाचे काम करणारा तरुण, हे सारे या राजेपणाचे मानकरी होत. परंतु रात्री अकरा वाजता त्यांच्या घरी डोकावले, तर हा राजा दिव्याखाली मान मोडून बसलेला दिसतो आणि सकाळी कबूल केलेले काम अजून अर्धेच झालेले असते. असे का व्हावे, आणि त्यास उपाय काय, एवढाच आजचा विषय आहे.

याचे कारण बहुधा आळस हे नसते. कारण असते हिशेबातील चूक. स्वतंत्र व्यावसायिकाला एक नव्हे, तीन कामे असतात. पहिले, प्रत्यक्ष काम. दुसरे, काम मिळविण्याचे काम. तिसरे, पत्रव्यवहार, जमाखर्च आणि वसुली. नोकरदाराची दुसरी व तिसरी कामे कचेरीतील इतर माणसे करतात. आपण मात्र शब्द देताना फक्त पहिल्या कामाचा वेळ धरतो, आणि उरलेली दोन कामे झोपेतून वजा होतात.

ज्यांचे शालेय शिक्षण आपल्या अमरावतीत झाले, त्या ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकरांचे उदाहरण पाहा. अमेरिकेतून पदवी घेऊन आलेल्या या विद्वानाने 1916 च्या सुमारास महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे काम हाती घेतले आणि 1929 पर्यंत त्याचे 23 खंड सिद्ध झाले. पण ते केवळ लिहीत बसले नव्हते. मंडळी काढणे, भांडवल उभारणे, वर्गणीदार मिळविण्यासाठी गावोगाव हिंडणे, छपाई पाहणे, हेही त्यांनाच करावे लागले. ज्ञानकोश मंडळाचा इतिहास त्यांनी लिहिला, त्यास नाव दिले 'माझे बारा वर्षांचे काम'. या नावात बोध आहे. लेखनाभोवतीची सारी धडपड त्यांनी कामातच धरली. आपण ती 'फावल्या वेळात' ढकलतो, आणि फावला वेळ तर कधी येतच नाही.

आता हाच विचार आकड्यांत मांडू. वर्षाचे दिवस 365. रविवार 52 वजा केले की 313 उरतात. सण, लग्नकार्ये आणि आजारपण यांचे 25 दिवस काढले की राहिले 288. रोज आठ तास काम केले आणि त्यांतील तीन तास दुसऱ्या व तिसऱ्या कामास गेले असे धरले, तर मोबदल्याचे तास रोज पाच, म्हणजे वर्षाचे 1,440. घरखर्च व धंद्याचा खर्च मिळून सहा लाख रुपये लागत असतील, तर तासाला सुमारे 417 रुपये पडले पाहिजेत. जो मनुष्य 365 दिवस आणि आठ तास असा भोळा हिशेब करतो, त्याला 205 रुपये पुरेसे वाटतात. मग ती तूट भरून काढण्यासाठी तो दुप्पट काम अंगावर घेतो. वेळेची ओढाताण अशी दरापासूनच सुरू होते.

पण आपले तीन तास कोठे जातात हे कळावे कसे? त्यासाठी नोंद हवी. आपल्या गावचे दादासाहेब खापर्डे कित्येक वर्षे दैनंदिनी लिहीत असत. 1911 च्या डिसेंबरात ते शिर्डीस जाऊन पुढच्या मार्चपर्यंत राहिले. त्या काळातील नोंदी आज छापील स्वरूपात वाचावयास मिळतात. केव्हा उठलो, कोण भेटले, काय वाचले, असा सरळ मजकूर. दादासाहेब ते वेळ मोजण्यासाठी लिहीत होते असे मला सुचवावयाचे नाही. पण ती पद्धत आपणांस उसनी घेता येईल. आपण उद्याच्या कामांची लांबलचक यादी करतो, ती इच्छा असते. झालेल्या दिवसाची नोंद हा जमाखर्च होय. महिनाभर तो ठेवला, म्हणजे दहा पाने भाषांतरास आपल्याला खरोखर किती वेळ लागतो हे कळते आणि पुढचा शब्द अंदाजाने द्यावा लागत नाही.

नोंदीवरून आठवड्याचे तीस तास निघाले, तर चोवीसच तासांचे काम कबूल करावे. उरलेले सहा तास वीज गेली, पोर तापले, गिऱ्हाइकाने दुरुस्त्या सांगितल्या, यांसाठी राखावेत. दिवाळी जवळ आली की गल्लीतला शिंपी नवे कापड घेणे बंद करतो. गिऱ्हाईक कुरकुरते, पण पुढच्या वर्षी जरा लवकर येते. जो शिंपी सर्वांना 'हो' म्हणतो, त्याच्या दुकानापुढे नरकचतुर्दशीला भांडण होते. नकार दिल्याने एक काम जाते. मोडलेल्या शब्दाने पत जाते.

वसुलीचाही वार ठरलेला असावा. काम घेतानाच मोबदला, मुदत आणि दुरुस्त्या किती वेळा, हे लिहून घ्यावे. लघुउद्योगांसाठी 2006 साली झालेल्या कायद्यानुसार, नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे, आणि सेवा देणारेही त्यात येतात. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. भिडेपोटी न मागितलेला पैसा म्हणजे फुकट गेलेले दिवसच होत.

सारांश, ज्याला मालक नाही त्याने स्वतःचा चांगला मालक व्हावे. चांगला मालक चाकराला किती काम झेपेल ते ओळखतो, त्याला रविवारी सुट्टी देतो आणि रात्री वेळेवर घरी सोडतो. आपल्यातला चाकर तर घरातच असतो. म्हणून त्याला सोडावयाचे आपण विसरतो. आज घरी गेल्यावर एक कोरी वही काढा आणि या व्याख्यानात गेलेला तासही तीत प्रामाणिकपणे टिपून ठेवा.